वाचक विचारतात : तोंड न पाहिलेल्या माणसाशी भांडण

या अंकासाठी आलेल्या पत्रांत आंब्याच्या मोहोराविषयी, सातबाऱ्यावरील नोंदींविषयी आणि एका सामाईक विहिरीविषयी नेहमीसारखे प्रश्न आहेत. परंतु पाच पत्रे एकाच विषयावर आली, आणि ती डहाणूपासून मालवणपर्यंतच्या वेगवेगळ्या वयाच्या माणसांनी लिहिलेली असल्यामुळे या वेळचे सदर त्यांनाच दिले आहे. फोनवर अनोळखी माणसांशी राजकारणावरून होणारी भांडणे हा तो विषय. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून वगळली आहेत. विहिरीचे उत्तर पुढील अंकी येईल. विहीर कोठे जात नाही.

प्रश्न : देवगड तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत बत्तीस वर्षे मराठी शिकवून मी निवृत्त झालो. गेल्या महिन्यात तेलशुद्धीकरण प्रकल्पाविषयीची एक चित्रफीत फोनवर पाहिली आणि तिच्याखाली माझे मत लिहिले. थोड्याच वेळात एका गृहस्थाने मला ‘दलाल’ म्हटले. त्याच्या नावाच्या जागी काही अक्षरे आणि आकडे होते व छायाचित्राच्या जागी सिंह होता. मी उत्तर दिले, त्याने प्रत्युत्तर दिले, आणि रात्री दीड वाजता पत्नीने दिवा लावून ‘काय चाललंय’ असे विचारले, तेव्हा मी त्याच्या शिक्षणाविषयी असे काही लिहीत होतो, जे वर्गातल्या सर्वांत उनाड मुलालाही मी कधी बोललो नव्हतो. दुसऱ्या दिवशी रक्तदाब वाढलेला निघाला. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. मला झाले काय? आणि उत्तर न देता निघून जाणे म्हणजे पळ काढणे नव्हे काय? टिळक-आगरकरांनी तरी एकमेकांना कुठे सोडले होते?

उत्तर : गुरुजी, आपले मत प्रकल्पाच्या बाजूचे होते की विरोधातले, हे आपण पत्रात लिहिलेले नाही, आणि त्यामुळे माझे काम सोपे झाले, कारण ‘दलाल’ हा शब्द दोन्ही बाजू एकमेकींना सारख्याच सढळपणे वापरतात.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे, की आपल्याला जगावेगळे काही झालेले नाही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड आणि कॉर्नेल विद्यापीठांच्या संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात काही लोकांना आधी अवघड चाचणी देऊन त्यांचा हिरमोड केला आणि काहींना सोपी चाचणी देऊन खुशीत ठेवले. मग सर्वांना एक राजकीय लेख वाचून त्याखाली मत लिहायला सांगितले, मात्र काहींच्या पुढ्यात आधीच तीन शिवराळ मते मांडून ठेवलेली होती. मन खुशीत आणि आधीची मते सभ्य, अशा स्थितीत लिहिल्या गेलेल्या मतांपैकी ३५ टक्के खोडसाळ निघाली. मन त्रासलेले आणि आधीची मते शिवराळ, अशा स्थितीत हे प्रमाण ६८ टक्क्यांवर गेले. मला स्वतःला यातील ३५ हा आकडाच अधिक विचार करायला लावतो, पण तो मुद्दा बाजूला ठेवू. दिवसभराचा शीण, रात्रीची वेळ आणि कोणीतरी आधीच करून ठेवलेली घाण, एवढे जुळून आले की बत्तीस वर्षे शब्द जपून वापरलेला माणूसही घसरतो.

सिंहाच्या चित्रामागच्या गृहस्थाला मात्र मी ही सवलत इतक्या सहज देणार नाही. डेन्मार्कमधील आर्हुस विद्यापीठाच्या अलेक्झांडर बोर आणि मायकेल पीटरसन या दोन अभ्यासकांनी डेन्मार्क व अमेरिकेतील लोकांची पाहणी करून असे दाखवले, की फोनवर राजकारणावरून तुटून पडणारे लोक प्रत्यक्ष भेटीतही बहुधा तसेच वागतात. फरक एवढाच, की प्रत्यक्षातले त्यांचे वागणे चार माणसांना दिसते आणि फोनवरचे सगळ्यांना. आपल्याकडे हे सिद्ध करायला पाहणीची गरज नाही. प्रत्येक वाडीत असा एक तरी माणूस असतो, आणि तो पारावर येऊन बसला की बाकीचे एकेक करून गुरे पाहायला उठतात. फोनवर कोकणातल्या आणि कोकणाबाहेरच्या यच्चयावत वाड्यांतले असे लोक एकाच पारावर येऊन बसले आहेत, आणि उठून जायला गुरे नाहीत.

यात भर पडते ती आपल्या बोलण्याच्या वळणाची. ‘आज फार लवकर उजाडलं वाटतं’ हे वाक्य दुपारी बारा वाजता ओटीवरून ऐकू आले, तर त्यात किती थट्टा आहे, किती टोचणी आहे आणि किती काळजी आहे, हे कोकणातल्या शेंबड्या पोरालाही कळते, कारण आवाजाची चढण कानावर पडलेली असते, चेहरा समोर असतो आणि बोलणाऱ्याच्या तीन पिढ्यांचा खवचटपणा गावाला तोंडपाठ असतो. हेच वाक्य अनोळखी माणसाला लिहून पाठवा. जस्टिन क्रूगर आणि निकोलस एप्ली यांच्या २००५ च्या प्रयोगात ईमेल लिहिणाऱ्यांना वाटत होते, की आपला उपरोध ७८ टक्के वेळा बरोबर ओळखला जाईल. प्रत्यक्षात तो ५६ टक्के वेळा ओळखला गेला, म्हणजे नाणे उडवून सांगण्याहून थोडासाच अधिक. आवाज ऐकवल्यावर हेच प्रमाण ७३ टक्के होते. आपण त्या गृहस्थाला पहिले उत्तर काय दिले ते आपल्या पत्रात नाही. पण मराठीच्या शिक्षकाने दिलेले उत्तर ‘आपला व्यासंग दांडगा दिसतो’ अशा थाटाचे असणार, असा माझा अंदाज आहे. आपल्याला ते सौम्य वाटले असेल. त्याला ते थोबाडीत मारल्यासारखे वाटले असेल, किंवा कौतुकही वाटले असेल.

शिवाय भांडण वाढावे अशीच तिथली मांडणी आहे. आपण चिडून उमटवलेला लाल चेहरा हा विरोधाचा सूर आहे, असे आपल्याला वाटते. फेसबुकने मात्र २०१७ पासून अशा प्रत्येक चेहऱ्याला साध्या पसंतीच्या पाचपट वजन देऊन तो मजकूर अधिक लोकांपुढे नेला, हे कंपनीच्या अंतर्गत कागदपत्रांवरून २०२१ मध्ये उघड झाले. रागाच्या चेहऱ्याचे हे वजन कंपनीने पुढे शून्यावर आणले होते. तरीही ज्याला हाकलायचे, त्याच्यासाठी आपणच दवंडी पिटत होतो, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आता टिळक-आगरकर. हा दाखला मला अनेकजण देतात, आणि प्रत्येक वेळी त्यातील अर्धी गोष्ट गाळलेली असते. १८८२ साली कोल्हापूरच्या दिवाणांच्या बदनामीच्या खटल्यात शिक्षा झाल्यावर हे दोघे मुंबईच्या डोंगरी तुरुंगात १०१ दिवस बरोबर होते. एक शाळा, एक महाविद्यालय आणि दोन वृत्तपत्रे उभी करण्याच्या कामात ते सोबती होते. आगरकरांनी १८८७ मध्ये ‘केसरी’ सोडला आणि पुढच्या वर्षी ‘सुधारक’ काढला, त्यानंतरचे भांडण कडवटच होते, त्याला मी सोवळे नेसवणार नाही. पण समोरचा माणूस कोण आहे, तो कशासाठी कधीच खोटे बोलणार नाही आणि कोठे हट्टाला पेटेल, हे दोघांनाही ठाऊक होते. आणखी एक गोष्ट कोणी बोलत नाही : दोन्ही पत्रे साप्ताहिके होती. एकाने घाव घातला तरी दुसऱ्याचे उत्तर छापून यायला दिवस जात, आणि त्या दिवसांत जेवण होई, झोप होई, मजकूर दोनदा वाचला जाई. आपल्याला रात्री दीड वाजेपर्यंत जेवढे घाव घालता आले, तेवढे त्या दोघांना मिळून एका वर्षात घालता आले नसतील.

मी रत्नागिरीच्या न्यायालयात वकिली करीत असताना बांधावरून चाललेले दावे पुष्कळ पाहिले. दोन सख्खे चुलत भाऊ, हातभर रुंदीच्या जमिनीसाठी पंधरा-पंधरा वर्षे, शपथपत्रांत एकमेकांविषयी वाटेल ते लिहीत; आणि त्या गावाहून सकाळी एकच एसटी असल्यामुळे वादी आणि प्रतिवादी तारखेला त्याच गाडीने येत, संध्याकाळी त्याच गाडीने परत जात, आणि एकाची पिशवी जड असली तर दुसरा ती वर घेई. प्रेम होते असे मी म्हणत नाही. भात लावणीला, मयताला, पालखीला त्याच माणसाचे तोंड पाहायचे आहे, या जाणिवेने जिभेला वेसण होती. सिंहाच्या चित्राबरोबर आपल्याला कोणत्याही एसटीने परत जायचे नाही, आणि त्यालाही ते ठाऊक आहे.

म्हणून पळ काढण्याविषयीच्या आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे. ज्या राजापूर मतदारसंघाने १९५७ पासून १९८९ पर्यंतच्या प्रत्येक लोकसभा निवडणुकीत आधी बॅरिस्टर नाथ पै यांना आणि मग मधु दंडवते यांना, अशा सभा गाजवणाऱ्या समाजवादी नेत्यांना, निवडून दिले, तेथील जुन्या माणसांना सभा म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. सभेत हुल्लड करणारा एखादा असतोच. वक्ता त्याला जिंकायला उभा नसतो, तर मागे कुंपणाला टेकून मुकाट्याने ऐकणाऱ्या माणसासाठी बोलत असतो. आपल्या त्या रात्रीच्या भांडणालाही असे मुके वाचक होते. त्यांच्यासाठी एकदा लिहा, आणि पडताळून पाहता येईल असे लिहा : वर्षाला सहा कोटी टन क्षमतेच्या प्रकल्पासाठी नाणार परिसरातील जमिनीविषयी काढलेली अधिसूचना मार्च २०१९ मध्ये रद्द झाली, त्यानंतर पर्यायी जागा म्हणून बारसू-सोलगावचे नाव पुढे आले, एप्रिल २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर माती परीक्षणाच्या वेळी आंदोलन झाले, आणि त्याच बारसूची कातळशिल्पे २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. एवढ्या पायावर उभे राहून ‘म्हणून प्रकल्प नको’ असे म्हणता येते, आणि ‘तरीही गावातल्या कुलूपबंद घरांसाठी रोजगार हवा’ असेही म्हणता येते. कोण दलाल आहे, हे मात्र कोणत्याही कागदावरून पडताळता येत नाही, आणि म्हणून त्याला उत्तरही नसते.

समोरच्याने खरा प्रश्न विचारला, तर दुसऱ्यांदा लिहावे, तेही दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर. तिसऱ्यांदा लिहू नये. आपण लिहिलेले ते शिक्षणाविषयीचे वाक्य अजून तेथे असेल, तर आज काढून टाका. ते काढताना कोणालाही स्पष्टीकरण देऊ नका. आणि फोन रात्री स्वयंपाकघरात ठेवा. वहिनींनाही झोप लागेल.

प्रश्न : समोर वाद घालणारा माणूस एखाद्या पक्षाकडून पैसे घेऊन लिहितो आहे, हे कसे ओळखावे? (चिपळूण)

उत्तर : खात्रीने ओळखता येत नाही. एकच वाक्य विरामचिन्हांसह पाच नावांनी आलेले दिसले, खाते महिन्याभरापूर्वी उघडलेले असले, त्यावर एका नेत्याखेरीज दुसरा विषय नसला, तर संशयाला जागा आहे. पण फुकटात निष्ठा बाळगणारा आणि आलेला मजकूर तसाच पुढे ढकलणारा कार्यकर्ताही अगदी असाच दिसतो. वरच्या पत्रातील गुरुजींना ‘दलाल’ म्हणणाऱ्यानेही स्वतःपुरती हीच खात्री करून घेतली असणार, हे विसरू नका.

एक जुजबी युक्ती सांगतो. २२ जुलै २०२१ चा महापूर आठवणाऱ्या माणसाला विचारता येईल असा प्रश्न विचारा : वाशिष्ठी नदीतला गाळ आपल्या भागात कोठपर्यंत काढला गेला, आणि काढलेला कोठे टाकला? भाडोत्री असेल तो विषय बदलेल. चिपळूणचा असेल तो आधी उसळेल आणि मग पुलाचे नाव, तारीख आणि ठेकेदाराचे गाव यांसह इतके सांगू लागेल, की मूळ भांडण कशावरून होते ते दोघेही विसराल. त्याच्याशी पुढे बोलायला हरकत नाही, मग तो कोणाचाही असो.

प्रश्न : मी डहाणूजवळच्या मच्छीमार कुटुंबातली आहे आणि पदवीच्या शेवटच्या वर्षाला शिकते. वाढवण बंदराविषयी मी माझे मत लिहिले. त्यावर विरोधी मते आली, त्याचे काही वाटले नाही. पण अनोळखी माणसांनी अत्यंत घाणेरडे शब्द लिहिले, एकाने माझे छायाचित्र उचलून त्याखाली मजकूर लिहून फिरवले, आणि एकाने ‘घर माहीत आहे, बघून घेतो’ असा निरोप पाठवला. बाबा म्हणतात खाते बंद कर आणि गप्प बस. आई म्हणते पोलिसांत जा. कायदा याबाबत काही करतो का, की उलट माझ्यावरच काही येईल?

उत्तर : तुमच्या बाबांची भीती अनाठायी नाही, आणि ती तुमच्याच जिल्ह्यातून आलेली आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये, पालघर अजून ठाणे जिल्ह्यात असताना, शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी एका तरुणीने फेसबुकवर मत लिहिले आणि दुसरीने ते पसंत केले, एवढ्यावरून दोघींना अटक झाली होती. त्या घटनेनंतर ऑनलाइन आक्षेपार्ह मजकूर पाठवणे हा गुन्हा ठरवणाऱ्या, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-अ ला आव्हान दिले गेले, आणि २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केले. त्या निकालात न्यायालयाने चर्चा, एखाद्या मताचा पुरस्कार आणि चिथावणी या तीन पायऱ्या वेगळ्या केल्या : पहिल्या दोन कितीही झोंबल्या तरी घटनेचे संरक्षण त्यांना आहे, आणि कायद्याने हात घालायचा तो तिसरीला. ज्या बंदराचे भूमिपूजन ऑगस्ट २०२४ मध्ये झाले आणि ज्याला किनाऱ्यावरील मच्छीमारांचा विरोध आहे, त्याविषयी मत लिहिणे ही पहिली-दुसरी पायरी आहे. एवढ्याने तुमच्यावर काही येणार नाही.

तुम्हाला आलेल्या मजकुराचे मात्र तीन ढीग करा. ‘तुम्हाला विकास कळत नाही’, ‘तुम्ही लोक मागासच राहणार’ असले जे आहे ते कडू आहे, पण ते घेऊन पोलिसांत जाऊ नका; मीही वकील म्हणून ते घेतले नसते, कारण उद्या तोच मार्ग तुमच्या मतावर चालून येईल. स्त्री म्हणून अपमान करणारे शब्द हा दुसरा ढीग. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम ७९ त्यासाठी आहे आणि तो दखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे न्यायालयाच्या परवानगीची वाट न पाहता पोलीस त्याचा तपास करू शकतात. धमकी हा तिसरा ढीग. तिच्यासाठी कलम ३५१ आहे, आणि नाव लपवून दिलेल्या धमकीला त्याच कलमात दोन वर्षांपर्यंतची वाढीव शिक्षा सांगितली आहे. तुम्ही नको म्हटल्यावरही कोणी पुनःपुन्हा निरोप पाठवीत राहिला, तर कलम ७८ लागू होऊ शकते. छायाचित्र वापरून कोणी तुमच्या नावाचे खाते उघडले असेल, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-क आणि ६६-ड ही कलमे आहेत.

पुरावा आधी गोळा करा आणि तक्रार मग करा, कारण तक्रारीची कुणकुण लागताच मजकूर नाहीसा होतो. ज्यात खात्याचे नाव, तारीख आणि वेळ दिसते असे स्क्रीनशॉट घ्या, त्या मजकुराचा दुवा वेगळा उतरवून ठेवा, आणि ज्या फोनवर तो आला तो फोन विकू किंवा पुसू नका. न्यायालयात अशा नोंदींसोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र लागते आणि मूळ साधन हाताशी असले की ते सोपे जाते. धमकी देणाऱ्याला उत्तर देऊ नका, एका अक्षराचेही नाही. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर करता येते, तशीच कोणत्याही पोलीस ठाण्यात करता येते; ‘ही आमची हद्द नाही’ हे उत्तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नंतर चालत नाही. इलेक्ट्रॉनिक मार्गाने माहिती दिलीत, तर तीन दिवसांत जाऊन तिच्यावर सही करावी लागते. १९३० हा क्रमांक पैशांच्या फसवणुकीसाठी आहे, त्यावर या बाबतीत वेळ घालवू नका; खरोखर कोणी दारात आले तर ११२.

ठाण्यात ‘किरकोळ आहे, एनसी करून टाकू’ असे म्हणतील, याची तयारी ठेवून जा. एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद. लेखी अर्जात घाणेरडा शब्द जसाच्या तसा लिहा. आपल्याकडच्या मुली तेथे ‘अपशब्द’ असे लिहून मोकळ्या होतात, आणि मग कागदावर गुन्हाच दिसत नाही. लाज त्याची आहे, ती तुम्ही वाहू नका. आईंना बरोबर न्या. बाबाही आले तर उत्तम, कारण खाते बंद करावे की नाही हे ठाण्यातून परत आल्यावर त्यांच्याशी बोलणे अधिक सोपे जाईल. माझे मत विचाराल तर खाते ठेवा, छायाचित्रे फक्त ओळखीच्यांना दिसतील अशी व्यवस्था करा, आणि समुद्राविषयी लिहीत राहा.

प्रश्न : मी मूळचा गुहागर तालुक्यातला, तीस वर्षे डोंबिवलीत. गावाचा व्हॉट्सॲप गट मी शिमग्याच्या पालखीच्या तारखा कळवण्यासाठी काढला होता. आता त्यात मुंबई, पुणे आणि आखातातली दोनशेच्या वर माणसे आहेत. आडनावे तीच, पण नव्या पिढीतले निम्मे एकमेकांना ओळखत नाहीत. गेल्या दोन महिन्यांत पक्षांवरून असे भांडण पेटले आहे, की तारखा कळवायला जागा उरली नाही. कोणी काही भलतेसलते लिहिले, तर मला पकडतील का? आणि राजकारणावर बंदी घालावी का?

उत्तर : पकडण्याच्या भीतीतून आधी मोकळे व्हा. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे, की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, दोघांनी मिळून तसे ठरवले होते असे दिसल्याखेरीज, गटप्रमुखाला जबाबदार धरता येत नाही. डोळ्यांसमोर विष पसरत असताना हात बांधून बसण्याचा हा परवाना मात्र नाही. कोणाचाही संदेश काढून टाकण्याची सोय आपल्याकडे आहे, ती वापरावी.

बंदीविषयी माझे मत आपल्याला आवडणार नाही. राजकारणावर बंदी घातलीत, तर नळपाणी योजना, जेटी, स्मशानशेड आणि महामार्ग हे सारे विषय तिच्याखाली येतील, आणि मग गावाविषयी बोलायला ‘सुप्रभात’ एवढेच उरेल. बंदी घालायची ती बाहेरून आलेल्या मजकुरावर घाला. जो स्वतःच्या शब्दांत, स्वतःच्या नावाने लिहील आणि ज्याचा आपल्या ग्रामपंचायतीच्या हद्दीशी काही संबंध असेल, ते राहील. दिल्लीहून तयार होऊन आलेले चित्र निघेल, मग ते कोणत्याही रंगाचे असो. पहिल्या आठवड्यात आपल्यावर दोन्ही बाजूंनी पक्षपाताचा आरोप होईल. तो सहन करा, दोन्हीकडून आला म्हणजे माप बरोबर पडते आहे.

आपल्या गावच्या शिमग्यातच याचे उत्तर आहे, असे मला फार वाटते. फाका मारणे, बोंब ठोकणे, वर्षभर मनात साठलेले गावच्या बड्या माणसाच्या तोंडावर ओरडून सांगणे, याला आपल्या वाडवडिलांनी बंदी घातली नाही. त्याला दिवस नेमून दिले, होळीची जागा नेमून दिली, आणि त्यानंतर पालखी त्याच माणसाच्या अंगणात नेण्याचा मान ठेवला. शिमगा गेला तरी कवित्व उरते, अशी म्हण पडली ती या दिवसांच्या मर्यादेमुळे. आपल्या गटात शिमगा बारा महिने चालू आहे, आणि अंगण कोणाचेच नाही. तेव्हा भांडणासाठी वेगळा गट काढून द्या, त्याला हवे ते नाव द्या, आणि ज्याला तेथे जायचे त्याने आधी आपला फोटो, वाडी आणि वडिलांचे नाव लिहावे, एवढीच अट ठेवा. वडिलांचे नाव लिहिल्यावर बऱ्याचजणांचा आवाज खाली येतो, असा माझा अनुभव आहे.

त्या दोघा मुख्य भांडखोरांचे काय करायचे, हेही सांगतो. त्यांना गटावर समज देऊ नका, प्रेक्षक असले की कोणी माघार घेत नाही. एकाला फोन करा आणि म्हणा, ‘तू त्याला एकदा फोन लाव.’ विरोधी मत वाचण्याऐवजी तेच त्या माणसाच्या आवाजात ऐकले, तर तो निर्बुद्ध आहे असे वाटण्याचे प्रमाण कमी होते, हे ज्युलियाना श्रोडर आणि तिच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रयोगांनी दाखवले आहे. मत बदलत नाही, फक्त समोर माणूस आहे हे कळते. तेवढ्यावर पालखीच्या तारखा कळवता येतील.

प्रश्न : मी मालवणचा, कॉलेजात आहे. निवडणुकीच्या निकालावरून नागपूरच्या एका मुलाशी माझा वाद झाला, पण तो चांगला चालला होता, तोही अभ्यास करून लिहीत होता. बोलता बोलता मी ‘आवशीक खाव, काय बोलतंस मेल्या’ असे लिहिले. हे आमच्याकडे कोणीही कोणालाही म्हणते. माझी आजी मला दिवसातून दहा वेळा म्हणते. त्याने कोणाकडून तरी अर्थ विचारला आणि आईवरून शिवी दिली म्हणून मला कायमचे बंद करून टाकले. मला खरेच वाईट वाटते. त्याचा एक मित्र माझ्या संपर्कात आहे. माफी कशी मागावी?

उत्तर : मित्राकरवी दोन ओळी पाठवा, आणि त्या प्रमाण मराठीत लिहा. ‘माझ्या शब्दांनी तुझ्या आईचा अपमान झाला. मी तुझी माफी मागतो.’ येथे पूर्णविराम द्या. ‘पण आमच्याकडे’ अशी तिसरी ओळ लिहायला बोटे शिवशिवतील; मालवणी शिव्यांतला जिव्हाळा, आजी, सगळे समजावून सांगावेसे वाटेल. ते लिहू नका. ज्याला लागले आहे त्याला व्युत्पत्ती ऐकायची नसते.

त्याने उत्तर दिले नाही, तर विषय संपला असे समजा आणि मित्राला पुन्हा पुन्हा मध्ये घालू नका. उत्तर दिले, तर निकालाचा विषय लगेच काढण्याऐवजी त्याला विचारा, की त्याची आजी वैतागली म्हणजे वऱ्हाडीत काय म्हणते. तो जे सांगेल, त्याचा शब्दशः अर्थ काढू नका. आपल्या आजीला यातले काही कळवायची गरज नाही. कळले तर ती काय म्हणेल, हे तुम्हाला ठाऊकच आहे.